संस्थेचं सोशल मीडिया स्वतःच्या पत्त्यावर कसं आणायचं: मॅस्टोडॉन, पीअरट्यूब आणि बाकीचं

पाणी उद्या बंद राहणार ही सूचना वाचायला माणसाला आधी कुठल्यातरी कंपनीत अकाउंट काढावं लागत असेल तर ते चूकच आहे, मी या सगळ्यात पडलो तो एवढ्या एका गोष्टीमुळे. सूचना सार्वजनिक, संस्था सार्वजनिक, पैसा लोकांचा, आणि वाचायचं म्हटलं की लॉगिनचा दरवाजा. ३० जून २०२३ ला ट्विटरने लॉगिन नसलेल्यांना ट्विट दाखवणं बंद केलं आणि दुसऱ्याच दिवशी, लॉगिन असलं तरी दिवसाला किती पोस्ट वाचता येतील यावर मर्यादा आली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ट्विटरच्या एपीआयचे, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामला तिथे आपोआप पोस्ट टाकू देणाऱ्या जोडणीचे, नियम आणि दर बदलले म्हणून न्यूयॉर्कच्या एमटीएने, म्हणजे तिथली मेट्रो आणि बस चालवणाऱ्या संस्थेने, गाड्यांच्या उशिराच्या सूचना ट्विटरवर टाकणं थांबवलं, मग सरकारी सेवांना सूट मिळाल्यावर आठवडाभराने परत सुरू केलं. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप तिन्ही मिळून साधारण सहा तास बंद होते. यातल्या एकाही वेळी संस्थेच्या हातात काहीच नव्हतं, आणि खरा प्रॉब्लेम तोच आहे.

तर तुम्ही नगरपालिका, विद्यापीठ, ग्रंथालय, हॉस्पिटल, वाहतूक महामंडळ असल्या कुठल्याही ठिकाणी जनसंपर्क किंवा आयटी बघत असाल तर हे पूर्ण वाचा, मी क्रमाने सांगतो.

आधी हे आहे काय ते दोन मिनिटांत. तुमचं सिम एका कंपनीचं, समोरच्याचं दुसऱ्या कंपनीचं, तरी फोन लागतो ना, तसंच आहे हे. मॅस्टोडॉन हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, २०१६ मध्ये ऑयगेन रोश्को या जर्मनीतल्या डेव्हलपरने सुरू केलेलं, ते कोणीही आपल्या सर्व्हरवर चालवू शकतं, आणि असे हजारो सर्व्हर एकमेकांशी ॲक्टिव्हिटीपब नावाच्या प्रोटोकॉलने, म्हणजे ठरलेल्या सामाईक नियमांनी, बोलतात जो २०१८ मध्ये वेबची स्टँडर्ड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने स्टँडर्ड म्हणून मान्य केला. या सगळ्या जाळ्याला फेडिव्हर्स म्हणतात. म्हणजे तुमचा सर्व्हर तुमचा, पण फॉलो करणारा कुठल्याही सर्व्हरवरचा चालतो, आणि ज्याला फॉलो करायचंच नाहीये तो नुसती लिंक उघडून वाचतो. व्हिडिओसाठी याच कुटुंबातलं पीअरट्यूब आहे, फ्रान्सच्या फ्रामासॉफ्ट या संस्थेने वाढवलेलं.

हे कोणी करून बघितलंय का असा प्रश्न मीटिंगमध्ये पहिल्या पाच मिनिटांत येतो, त्यामुळे उत्तर तयार ठेवा. जर्मनीच्या केंद्रीय डेटा संरक्षण आयुक्तांचं कार्यालय २०२० पासून 'सोशल डॉट बुंड डॉट डीई' चालवतंय आणि तिथे केंद्र सरकारच्या इतर खात्यांनाही अकाउंट मिळतात. युरोपियन युनियनच्या डेटा संरक्षण पर्यवेक्षकांनी एप्रिल २०२२ मध्ये ईयू व्हॉइस आणि ईयू व्हिडिओ असे दोन प्रयोग सुरू केले, पहिला मॅस्टोडॉनवर, दुसरा पीअरट्यूबवर. नेदरलँड्स सरकारने आणि बीबीसीने २०२३ मध्ये आपापले सर्व्हर सुरू केले. पण मीटिंगमध्ये फसलेली उदाहरणंही सांगा, लपवू नका. ईयू व्हॉइस मे २०२४ मध्ये बंद झालं कारण तो पहिल्यापासून प्रायोगिकच होता आणि पुढे कायमचं कोण चालवणार हे ठरलं नाही, युरोपियन कमिशनने मग स्वतःचा वेगळा सर्व्हर घेतला. स्वित्झर्लंडच्या केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये एक वर्षासाठी करून बघितलं आणि वाचक कमी म्हणून वर्षानंतर बंद केलं. दोन्ही ठिकाणी तंत्रज्ञान नीट चाललं होतं. कमी पडलं ते पुढे चालवायला कोणी जबाबदार असणं किंवा वाचकापर्यंत पोचणं, म्हणून खाली मी सर्व्हरवर कमी आणि बाकीच्यावर जास्त लिहिलंय.

पहिलं काम, नाव

घाईत सर्व्हर टाकू नका. मॅस्टोडॉनमध्ये पत्त्याचा शेवटचा भाग, म्हणजे डोमेन, एकदा सर्व्हर चालू झाला की बदलता येत नाही, अक्षरशः येत नाही, बदलायचं तर नवीन सर्व्हर आणि सगळे फॉलोअर हलवा. म्हणून संस्थेच्या अधिकृत वेबसाइटचंच डोमेन वापरायचं, त्याच्या सुरुवातीला 'सोशल' लावून सबडोमेन करा. बुंड डॉट डीई हे जर्मन सरकारचं हे लोकांना आधीच माहितीये, त्यामुळे त्याच्याखालचं कुठलंही अकाउंट खरं की खोटं हा प्रश्नच उरत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्विटरवर पैसे भरून निळी टिक मिळायला लागली तेव्हा कोणीतरी एलाय लिली या औषध कंपनीच्या नावाने अकाउंट काढून इन्शुलिन फुकट देणार असं जाहीर केलं होतं आणि खऱ्या कंपनीला खुलासा करायला लागला. स्वतःच्या डोमेनवर अकाउंट असेल तर खऱ्याखोट्याची शहानिशा पत्ता बघूनच होते.

सेटिंगच्या फाइलमध्ये लोकल डोमेन आणि वेब डोमेन अशा दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात संस्थेचं मुख्य डोमेन दिलं आणि दुसऱ्यात सबडोमेन, तर सर्व्हर सबडोमेनवर चालतो पण लोकांना पत्ता छोटा दिसतो, फक्त मुख्य वेबसाइटवर वेबफिंगरचा, म्हणजे पत्त्यावरून अकाउंट शोधायच्या सोयीचा, रीडायरेक्ट टाकावा लागतो. वेबसाइट बघणाऱ्या टीमशी आधी बोलून घ्या, कारण पुढे कधी वेबसाइट नव्याने बनवताना तो रीडायरेक्ट उडाला तर नव्या लोकांना तुमचं अकाउंट सापडणंच बंद होईल आणि कोणाला कारण कळणार नाही.

युजरनेममध्ये देवनागरी चालत नाही, फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर. दिसणारं नाव मात्र देवनागरीत ठेवता येतं, तीस अक्षरांत बसवा. आणि नाव पदाचं किंवा कामाचं ठेवा, माणसाचं नको, पाणीपुरवठा, वाहतूक, ग्रंथालय असं, कारण युजरनेमही नंतर बदलता येत नाही आणि अधिकारी तर बदलतातच.

सर्व्हर कोण चालवणार

इथे तीन रस्ते आहेत. स्वतःच्या आयटी टीमने चालवायचा, किंवा मॅनेज्ड होस्टिंग घ्यायचं म्हणजे डोमेन तुमचं आणि सर्व्हरची देखभाल त्यांची, किंवा वरच्या पातळीवरच्या संस्थेने एक सर्व्हर काढून खालच्या सगळ्यांना अकाउंट द्यायचे. मला विचाराल तर लहान संस्थेने पहिला रस्ता धरू नये. मॅस्टोडॉन हे एकच प्रोग्राम नाहीये, त्यात पोस्टग्रेस डेटाबेस आहे, रेडिस नावाची झटपट साठवणूक आहे, साइडकिक नावाची कामांची रांग आहे, मेल पाठवायची व्यवस्था आहे, आणि हे सगळं रात्री दोनला बंद पडलं तर उठणारा माणूस पाहिजे. तो असेल तर खुशाल करा, ४ जीबी रॅमच्या मशीनवर डझनभर अकाउंट आरामात चालतात.

सिक्युरिटी अपडेट हा विषय मात्र कोणीही चालवलं तरी तुम्हाला विचारावाच लागेल. जुलै २०२३ मध्ये एक दोष सापडला ज्यात मुद्दाम बनवलेली मीडिया फाइल पाठवून हल्लेखोराला सर्व्हरवर हव्या तिथे फाइल लिहिता येत होती, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये दुसरा, ज्यातून दुसऱ्याच्या अकाउंटचं सोंग घेता येत होतं. दोन्ही वेळा दुरुस्ती लगेच आली, दुसऱ्या वेळी तर सर्व्हरवाल्यांना वेळ मिळावा म्हणून दोषाचा तपशील दोन आठवडे जाहीरच केला नाही. म्हणजे सॉफ्टवेअरवाले त्यांचं काम करतात, तुमच्या करारात "गंभीर अपडेट अमुक तासांत लागेल" ही ओळ आहे की नाही ते बघायचं. आणि एखाद्या कंपनीकडून मॅस्टोडॉनमध्ये बदल करून घेणार असाल तर लक्षात ठेवा, त्याचं लायसन्स एजीपीएल आहे, बदललेला सर्व्हर लोकांसाठी चालवला की बदललेला कोडही वापरणाऱ्यांना उपलब्ध करून द्यावा लागतो. हे करारात आधीच लिहून घ्या, लोकांच्या पैशातून झालेलं काम दुसऱ्या संस्थेलाही वापरता येईल.

अगदीच छोटी संस्था असेल, एक माणूस, एक वेबसाइट, आणि ती वर्डप्रेसवर असेल, तर ॲक्टिव्हिटीपबचं प्लगिन टाका. वेबसाइटच फेडिव्हर्सवरचं अकाउंट बनते, नवीन बातमी टाकली की फॉलोअर्सना जाते, वेगळा सर्व्हर लागतच नाही. सुरुवातीला मला हेच सगळ्यात आवडतं.

चालू केल्यावर पहिल्या तासात

नोंदणी बंद करा. तुमचा सर्व्हर बोलायला आहे, जनतेला अकाउंट वाटायला नाही, कारण एकदा अकाउंट दिलं की त्या माणसाच्या लिखाणाचं नियमन तुमच्या गळ्यात. कर्मचाऱ्यांना निमंत्रणाची लिंक पाठवून आत घ्या, प्रत्येकाला दोन टप्प्यांचं लॉगिन सक्तीचं.

मग ज्या दोन सेटिंग लोक हमखास विसरतात त्या. प्रोफाइलच्या प्रायव्हसीच्या पानावर आपलं अकाउंट आणि पोस्ट शोधात दिसू द्यायची परवानगी वेगळी द्यावी लागते, ती आपोआप चालू नसते, आणि सार्वजनिक संस्थेने ती नाही दिली तर आपली सूचना कोणी शोधली तरी सापडणार नाही. दुसरी म्हणजे ॲडमिनच्या भागातली जुनी मीडिया काढून टाकायची मुदत. बाहेरच्या सर्व्हरवरच्या पोस्टमधले फोटो व्हिडिओ तुमच्या सर्व्हरवर साठत राहतात, मुदत घातली नाही तर डिस्क गुपचूप भरते आणि मग डेटाबेसच लिहायचं थांबतो. सात दिवस पुरे. स्वतःच्या अपलोडला याने हात लागत नाही.

आता अकाउंट खरं असल्याचं दाखवणारं हिरवं चिन्ह, हे सावकाश करा. प्रोफाइल एडिट करताना चार मोकळे रकाने असतात, एकात "अधिकृत वेबसाइट" लिहून शेजारी पूर्ण पत्ता टाका, एचटीटीपीएसचाच. पडताळणीच्या भागात एक छोटी लिंक कॉपी करायला मिळते, तिच्यात 'रेल' (rel) म्हणून एक खूण असते जिची किंमत 'मी' (me) अशी असते. ती लिंक वेबसाइटच्या त्याच पानावर कुठेही चिकटवा, फूटरमध्ये टाकली तरी चालते. मग परत येऊन प्रोफाइल पुन्हा सेव्ह करा, हे महत्त्वाचं, कारण सर्व्हर सेव्ह केल्यावरच ते पान तपासायला जातो. रकाना हिरवा झाला की झालं, दोन्ही जागा एकाच मालकाच्या आहेत हे सिद्ध. होत नसेल तर बहुतेक वेळा वेबसाइट ती लिंक जावास्क्रिप्टने नंतर आणत असते आणि मूळ पानात ती नसतेच, ते वेबसाइटवाल्यांना दाखवा. पैसे नाहीत, अर्ज नाही, कोणाची मंजुरी नाही.

लिहायचं कसं

माझी सगळ्यात मोठी तक्रार स्कॅन केलेल्या पत्रकाच्या फोटोबद्दल आहे. शिक्का, सही, जावक क्रमांक, आणि मधे कुठेतरी बारीक अक्षरात ती एक ओळ जी लोकांना हवी. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध माणसाला त्यातलं एक अक्षर कळत नाही, भाषांतर होत नाही, शोधात येत नाही. मॅस्टोडॉनवर ५०० अक्षरं मिळतात, भरपूर आहेत, नुसतं लिहा:

"बुधवार १२ तारखेला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ पाणी बंद राहील. मोठ्या टाकीच्या उत्तरेकडचा सगळा भाग. मुख्य पाइपलाइनची दुरुस्ती आहे. संध्याकाळी ६ नंतर कमी दाबाने पाणी येईल, गुरुवारी सकाळी नेहमीसारखं. पूर्ण पत्रक वेबसाइटवर."

बघा, यात "उद्या" नाहीये. कारण लोक पोस्ट बूस्ट करतात, म्हणजे आपल्या फॉलोअर्सना पुढे दाखवतात, आणि तुमची सूचना कोणाच्या तरी समोर दुसऱ्या दिवशी येते, मग त्याचा उद्या वेगळा होतो. वार आणि तारीख दोन्ही लिहायची सवय लावा. फोटो टाकलाच तर त्याचं वर्णन भरा, १५०० अक्षरांपर्यंत जागा असते, नकाशा असेल तर कुठल्या रस्त्यापासून कुठपर्यंत ते शब्दात लिहा. पोस्टची भाषा मराठी आहे हे निवडा, डीफॉल्ट इंग्रजी राहिली तर भाषेप्रमाणे फिल्टर लावणाऱ्यांना तुम्ही दिसणारच नाही.

चूक झाली तर डिलीट करून नवीन टाकू नका, एडिट करा. एडिट केलेली पोस्ट बाकीच्या सर्व्हरवरही बदलते आणि ज्यांनी बूस्ट केली होती त्यांना बदल झाल्याचं कळतं. डिलीटचा निरोपही सगळीकडे जातो पण समोरचा सर्व्हर तो पाळेलच याची हमी नसते, त्यामुळे टाकण्याआधी वाचा.

वेबसाइटवर आधी, मग इकडे, हा क्रम मोडू नका. मूळ मजकूर संस्थेच्या पानावर, मॅस्टोडॉनवर त्याचं सार आणि लिंक, आणि जुन्या सोशल मीडियावरही तेच. हो, जुने अकाउंट लगेच बंद करू नका असंच मी सांगेन. लोक तिथे आहेत तोवर तिथेही लिहा, फक्त प्रत्येक ठिकाणच्या प्रोफाइलमध्ये "लॉगिनशिवाय इथे वाचा" म्हणून नवा पत्ता द्या. बफरसारखी टूल एकदाच लिहून सगळीकडे पाठवतात, मॅस्टोडॉनवरही. आणखी एक गोष्ट जी फार थोड्या लोकांना माहिती असते, मॅस्टोडॉनच्या कुठल्याही प्रोफाइलच्या पत्त्याच्या शेवटी 'डॉट आरएसएस' लावलं की फीड, म्हणजे नव्या पोस्टची आपोआप ताजी होणारी यादी मिळते, त्यामुळे कुठेच अकाउंट नसलेला माणूसही फीड रीडरमध्ये तुमच्या सूचना घेऊ शकतो आणि वार्ताहरांना हे खूप आवडतं.

गाड्यांचा उशीर, हवामान, धरणाची पातळी असली पोस्ट आपोआप जाणार असेल तर तिचं वेगळं अकाउंट काढा आणि ते स्वयंचलित आहे ही खूण लावा. सेटिंगमधल्या डेव्हलपमेंटच्या पानावर ॲप बनवून टोकन, म्हणजे प्रोग्रामसाठीची पासवर्डसारखी किल्ली, मिळतं, त्याला फक्त पोस्ट लिहायची परवानगी द्या, बाकी सगळ्या टिक काढा, उद्या टोकन फुटलं तरी कोणाला तुमचे फॉलोअर किंवा सेटिंग बदलता येणार नाहीत. आणि लिंक टाकली की शेकडो सर्व्हर प्रिव्ह्यूसाठी थोड्याच वेळात तुमच्या वेबसाइटवर येतात, वेबसाइटला कॅशिंग, म्हणजे तयार पान साठवून तेच देण्याची सोय, नसेल तर ती धापा टाकायला लागते, नेमकी महत्त्वाच्या सूचनेच्या दिवशी.

उत्तरं

इथले लोक उत्तराची अपेक्षा करतात. नुसत्या सूचना फेकत राहिलात तर सहा महिन्यांत कंटाळतील. रोज अर्धा तास एका माणसाच्या नावावर लिहून ठेवा, त्याने आलेले प्रश्न बघायचे, उत्तर द्यायचं, माहीत नसेल तर कोणाकडे पाठवलंय ते सांगायचं. उत्तरं देताना व्हिजिबिलिटी 'शांत सार्वजनिक'वाली ठेवा म्हणजे वाचता सगळ्यांना येतं पण सार्वजनिक टाइमलाइनवर गर्दी होत नाही.

खाजगी उल्लेखात, म्हणजे इथल्या खाजगी मेसेजमध्ये, मात्र कोणाचाही ओळखपत्राचा फोटो, आजारपणाची माहिती, ग्राहक क्रमांक मागू नका. ते मेसेज एन्क्रिप्टेड नसतात, दोन्हीकडच्या सर्व्हरच्या ॲडमिनला वाचता येतात. तक्रारीचा फॉर्म आपल्या वेबसाइटवर ठेवा आणि त्याची लिंक द्या, हे प्रोफाइलमध्येच लिहून टाका.

शिवीगाळ, स्पॅम येईल, त्यासाठी नियम दोन परिच्छेदांत लिहून सर्व्हरच्या माहितीच्या पानावर टाका. टीकेसाठी कोणाला ब्लॉक करायचं नाही हे त्यात पहिल्या ओळीत असावं असं माझं ठाम मत आहे, सार्वजनिक संस्थेला तो अधिकार नसावा. धमकी, स्पॅम, कोणाची खाजगी माहिती टाकणं, यासाठी ब्लॉक, आणि कधी का केलं त्याची नोंद. आख्खा बाहेरचा सर्व्हर ब्लॉक करायची वेळ आली तर त्याची नोंद जाहीर ठेवा.

किल्ल्या

मी एका संस्थेचे अकाउंट सांभाळायला घेतले तेव्हा एका साइटचं लॉगिन आधीच्या माणसाच्या मोबाइल नंबरला जोडलेलं होतं, तो नोकरी सोडून गेलेला, नंबर बंद, ओटीपी हवेत, आणि कंपनीकडून दर वेळी तेच ठरीव उत्तर. अकाउंट आमचं होतं, लोक ते वाचत होते, आणि आम्ही नुसतं बघत होतो. स्वतःच्या सर्व्हरवर ॲडमिन दुसऱ्याचा पासवर्ड रीसेट करू शकतो, हा फरक मला तेव्हा कळला. पण म्हणून ॲडमिन एकच ठेवलात तर तीच गत होईल. दोन ॲडमिन, शक्यतो वेगळ्या खात्यातले, डोमेनचं नूतनीकरण कोणाच्या मेलवर येतं ते लिहिलेलं, आणि दोन टप्प्यांच्या लॉगिनचे रिकव्हरी कोड कागदावर छापून कार्यालयाच्या तिजोरीत.

बॅकअप तीन गोष्टींचा: डेटाबेस, स्वतःच्या अपलोड फाइली, आणि ती सेटिंगची फाइल जिच्यात गुप्त किल्ल्या असतात. तिसरी लोक विसरतात आणि ती नसेल तर बाकी दोन असूनही लॉगिनची गडबड होते. सहा महिन्यांतून एकदा दुसऱ्या मशीनवर तो बॅकअप खरोखर उभा करून बघा, ते मशीन बाहेरच्या जगाला न जोडता.

आणि कधी सोडायची वेळ आली, होस्टिंगवाला बदलायचा झाला, तर डोमेन तुमचं असल्यामुळे सगळं उचलून दुसरीकडे नेता येतं, वाचकाला कळतही नाही. डोमेनच बदलायचं झालं तर अकाउंट 'मूव्ह' करता येतं, नंबर पोर्ट केल्यासारखं, फॉलोअर आपोआप नव्या पत्त्यावर येतात, पण जुन्या पोस्ट येत नाहीत, आणि जुना सर्व्हर त्या वेळी चालू असावा लागतो. त्यामुळे बंद करायची तारीख ठरली तरी आधी मूव्ह, मग जुन्या पोस्टचं अर्काइव्ह वेबसाइटवर, आणि मगच प्लग काढायचा.

सगळं झालं की एक मोबाइल घ्या ज्यावर कुठलंच लॉगिन नाहीये, त्यावर तुमच्या प्रोफाइलचा पत्ता टाइप करा आणि शेवटची सूचना वाचता येते का बघा. मग तेच घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला करायला सांगा.